कुलूप उघडायचा १७ काड्यांचा संच: कुठली काडी नेमकी कशासाठी?

नवशिका_निनाद

लॉकपिकिंग, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडणं, छंद म्हणून शिकायचंय. १७ काड्यांचा संच आणि सोबत एक पारदर्शक कुलूप हाताशी आहे. माहितीपत्रकाच्या नावाखाली एक चिठोरं, त्यावर आकारांची चित्रं आणि नंबर. बाकी शून्य.

संचात आहे ते असं: टोकाला बाक असलेल्या तीन काड्या (कमी, मध्यम, बराच), एक त्रिकोणी टोकाची, एक अर्ध्या गोळीची, एक दोन गोळ्यांची, वळणावळणाच्या तीन, दातेरी दोन, एक बारीक काटा असलेली, एक इंग्रजी वायच्या आकाराचा चिमटा आणि चार एल आकाराच्या पट्ट्या.

कुठली कशासाठी? सुरुवात कुठल्या काडीने करायची? आणि '७ लिव्हर' असं छापलेलं जुनं कुलूप पडून आहे, त्यात ह्यातली एकही काडी काहीच करत नाही, ते का?

---

बंड्या_बोहरीआळी

दोन कामाच्या, चार कधीमधी लागणाऱ्या, उरलेल्या विकणाऱ्याच्या फायद्याच्या. :)

---

मृण्मयी_के

बंड्या, गंमत म्हणून ठीक आहे, पण नीट उत्तर देऊ या.

ह्या काड्या पिनवाल्या कुलपांसाठी असतात. आत प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक आणि त्यावर स्प्रिंग. किल्लीला टेकते ती की-पिन, तिच्यावरची ड्रायव्हर पिन. किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधली फट प्लग (किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल) आणि बाहेरच्या कवचाच्या सीमेवर, म्हणजे शिअर लाइनवर येते आणि प्लग फिरतो. काडीचं काम एवढंच, की किल्लीशिवाय एकेक पिन त्या रेषेवर नेऊन ठेवायची. पिन तिथे टिकते कशी? टेन्शनरने, म्हणजे त्या एल आकाराच्या पट्टीने, प्लगला हलकासा पीळ दिलेला असतो म्हणून. ते सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि संच विकताना तेच सगळ्यात टुकार देतात.

आता काड्या.

कमी बाकाचा हूक: हीच तुमची काडी. पुढचे काही महिने हिच्याशिवाय दुसरीला हात लावायची गरज नाही.

मध्यम आणि खोल हूक: किल्ली समोर धरून बघा. जिथे खाच खोल, तिथली पिन लांब, तिला थोडंच उचलायचं असतं. जिथे खाच उथळ, तिथली पिन आखूड, तिला बरंच वर न्यावं लागतं. तोंडाशी लांब पिन आणि तिच्या मागे आखूड, अशी जोडी आली की कमी बाकाच्या हुकाची दांडी पुढच्या पिनेला लागते आणि ती गरजेपेक्षा वर जाते. तिथे खोल हूक घ्यायचा, म्हणजे दांडी खाली राहून टोक वर पोचतं. सरसकट खोल हूक वापरू नका, अरुंद भोकात तो वळतच नाही.

त्रिकोणी, म्हणजे हाफ डायमंड: थोडंच उचलायच्या पिनांसाठी हुकासारखा चालतो आणि आतून बाहेर ओढून रेक म्हणूनही (सगळ्या पिना एकदम हलवायला) चालतो. दोन्ही कामं बरी करतो, उत्तम एकही नाही.

गोळीवाल्या दोन्ही: पिनवाल्या कुलपात विसरा. ऑफिसचे ड्रॉवर, लेटरबॉक्स ह्यांना पिनांऐवजी चपट्या पट्ट्यांची वेफर कुलपं असतात. त्यातल्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या असलेल्या कुलपात गोळी वरखाली दोन्हीकडे सरकते. चिमटाही तिथलाच टेन्शनर: त्याचे दोन पाय भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बसतात, मधली जागा काडीला मोकळी.

बारीक काटा: ही पिक नाहीच. तुटलेली किल्ली बाहेर ओढायची काडी आहे.

---

देवदत्त_डोंबिवली

वळणावळणाच्या आणि दातेरी राहिल्या. ते रेक. पिना एकेक न शोधता सगळ्या एकदम हलवायच्या आणि टेन्शनच्या आधाराने काही आपोआप बसू द्यायच्या.

वापरायची पद्धत मात्र आकारागणिक वेगळी. सापाच्या वळणाची काडी आतबाहेर घासायची. तीन उंचवटे असलेली, जिला बोगोटा म्हणतात, ती आत ठेवून भराभर थरथरवायची, हात जवळजवळ सैल. दातेरी म्हणजे सिटी रेक. ती घासायची नाही, पूर्ण आत घालून झोक्यासारखी वर-खाली डोलवायची. बहुतेक लोक तिन्ही एकाच पद्धतीने खसाखसा घासतात आणि रेक बेकार म्हणतात.

माझं मत: पहिल्या आठवड्यात रेकने एखादं साधं चार पिनांचं कुलूप उघडा. कुलूप हातात फिरतं तेव्हा काय वाटतं ते कळतं, हुरूप येतो.

---

मृण्मयी_के

ह्याच्याशी असहमत. रेकने कुलूप उघडलं तर कुठली पिन कधी बसली हे कळत नाही, म्हणजे शिकलो काहीच नाही. वर टेन्शन जास्त द्यायची सवय लागते ती वेगळीच.

---

देवदत्त_डोंबिवली

हुरूप आला नाही तर माणूस दुसऱ्या आठवड्यात संच ड्रॉवरमध्ये टाकतो, आणि मग ड्रॉवरची किल्ली हरवते.

---

बंड्या_बोहरीआळी

तेव्हा गोळीवाली कामाला येते.

---

विसोबा_खेचर_नव्हे

असले धागे म्हणजे चोरांना फुकटची शिकवणी नाही का? संपादकांनी विचार करावा.

---

कोकणातला_कानसवाला

विसोबा, घरफोडी करणाऱ्याला घाई असते. तो कटावणी घालून कोयंडाच उचकटतो. तुमच्या दाराची काळजी असेल तर कोयंड्याचे स्क्रू काढून बघा, बऱ्याच ठिकाणी पाऊण इंची असतात आणि चौकटीच्या लाकडात जेमतेम रुतलेले. दोन इंची घाला, जमलं तर आरपार बोल्ट आणि आतून नट. महागडं कुलूप त्यानंतर.

बाकी ह्या छंदाचे दोन नियम जगभर सारखे आहेत. कुलूप स्वतःचं हवं किंवा मालकाची परवानगी हवी. आणि रोजच्या वापरातलं कुलूप सरावाला घ्यायचं नाही, स्वतःच्या दाराचंसुद्धा. दुसरा नियम लोक हसण्यावारी नेतात. आत पिन अडकली, स्प्रिंग चेपली किंवा काडीचं टोक मोडलं तर रात्री साडेदहाला चावीवाला शोधत बसावं लागतं.

---

ॲडव्होकेट_आजी

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय ह्या वेळेत घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण पटवायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. घरी टेबलावर बसून स्वतःच्या कुलपावर सराव करणं वेगळं आणि रात्री खिशात संच घेऊन हिंडणं वेगळं. संच घरीच ठेवा. सरावाला मित्राकडे न्यायचा असेल तर दिवसा, सोबत सरावाची कुलपं आणि त्यांच्या किल्ल्या असू द्या.

परदेशातल्या मंडळींनी आपापलं बघून घ्यावं. जपानमध्ये २००३ च्या कायद्याने अशी साधनं योग्य कारणाशिवाय बाळगण्यावरच बंदी आहे.

---

हॅम्बुर्गकर

जर्मनीत उलट परिस्थिती. इथे हा रीतसर खेळ आहे. एसएसडीईव्ही ही संघटना १९९७ सालची, हॅम्बुर्गचीच, तिच्या स्पर्धा होतात. नेदरलँड्समधली टूल ही नंतरची. दोन्हीकडे नवख्याच्या हातात आधी हूक आणि एकाच पिनेचं कुलूप देतात, त्यामुळे वरच्या वादात माझं मत मृण्मयीताईंना.

निनाद, संच कुठल्या जाडीचा आहे ते बघा. अमेरिकन कुलपांची भोकं रुंद, तिथे ०.६४ मिमी जाडीची काडी चालते. युरोपियन सिलिंडरची (दाराच्या कुलपातला किल्ली घालायचा गाभा) भोकं नागमोडी आणि अरुंद, तिथे ०.५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून बारीक लागते. स्वस्त संचातल्या काड्या बहुधा जाड असतात. मग पिनेऐवजी भोकाच्या भिंतीलाच घासत राहतात आणि माणसाला वाटतं पिन अडली.

---

नवशिका_निनाद

व्हर्नियरने मोजली, ०.७ भरतेय. आणि लिव्हरचं काय?

---

मामा_अलिगढवाले

लिव्हरवर मी येतो, कारण आपल्याकडची अर्धी गफलत तिथेच आहे. व्हिडिओ परदेशी, संच परदेशी पद्धतीचा, आणि घरातलं कुलूप लिव्हरचं.

ओळखायचं असं. पिनवाल्या कुलपात किल्ली फिरवली की भोकाभोवतीचा पितळी गोल, म्हणजे प्लग, किल्लीबरोबर फिरताना दिसतो. लिव्हरच्या कुलपात भोक जिथल्या तिथे राहतं, नुसती किल्ली आत फिरते. शिवाय अंगावर ६ लिव्हर, ७ लिव्हर, ८ लिव्हर असं छापलेलं असतंच.

आत पिना नाहीत. एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या आहेत, एका टोकाला खिळलेल्या, मागून स्प्रिंगने दाबलेल्या. प्रत्येक पट्टीला एक खाच. किल्ली फिरताना सगळ्या पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर उचलते, सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की बोल्टवरचा (कुलूप बंद ठेवणारा आतला दांडा) खुंट त्यातून सरकतो. तुमच्या टेन्शनरला फिरवायला प्लगच नाही, म्हणून जोर कुठेच लागत नाही. जोर लागतो तो बोल्टला, आणि तो भोकाच्या पार तळाशी. त्यासाठी एकात एक बसणाऱ्या दोन भागांचं वेगळं अवजार असतं: एक भाग बोल्टवर दाब ठेवतो, दुसरा स्वतंत्रपणे पट्ट्या उचलतो.

पिनेपेक्षा आणखी एक वांधा. चांगल्या लिव्हरच्या पट्ट्यांना आणि खुंटाला मुद्दाम खोट्या खाचा दिलेल्या असतात. खुंट तिथे अडकला की पट्टी बसल्यासारखी वाटते, पण बसलेली नसते.

शिकायचंच असेल तर पॅडलॉक घेऊ नका, तो रिव्हेट केलेला असतो, उघडून बघता येत नाही. कपाटाचं किंवा दाराच्या पोटात बसणारं लिव्हर लॉक घ्या, ज्याची पाठ स्क्रूने लावलेली असते. पाठ उघडा, एक सोडून सगळ्या पट्ट्या काढून ठेवा (क्रम आणि बाजू लिहून ठेवा!), मग एकेक वाढवा. पण हे पुढच्या वर्षी. आधी पिना.

---

लंडनचा_लंबू

मामांनी लिव्हर काढला म्हणून अवांतर. दोन भागांच्या त्या अवजाराला हॉब्सचं नाव आहे. आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स हा अमेरिकन कुलूपवाला १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला आला आणि चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं. त्या कुलपात एखादी पट्टी गरजेपेक्षा वर गेली की ती अडकून बसे आणि मालकाला कोणीतरी छेडछाड केल्याचं कळे. हॉब्सने तीच यंत्रणा स्वतःला माहिती मिळवायला वापरली. मग त्याने ब्रामा ह्या इंग्लिश कुलूपवाल्याचं कुलूप घेतलं, ज्यावर २०० गिनींचं बक्षीस होतं. त्याला १६ दिवसांत मिळून ५० तासांहून जास्त लागले. ते ब्रामा कुलूप सायन्स म्युझियममध्ये आहे.

---

बंड्या_बोहरीआळी

५० तास! आणि आमचा चावीवाला दहा मिनिटं लागली तरी कपाळाला आठ्या घालतो.

---

मृण्मयी_के

अवांतर छान आहे, पण टेन्शनर राहिला. संचातले चारही एल बहुधा भोकाच्या तळाशी, म्हणजे पिनांपासून लांबच्या टोकाला बसवायचे असतात. ते जागा खातात, हूक हलवायला वाव राहत नाही. त्याऐवजी वरच्या टोकाला, पिनांच्या बाजूला बसणारी छोटी जाड पट्टी वापरा. जाडी साधारण १ ते १.३ मिमी. भोकात घट्ट बसली पाहिजे, डुगडुगली तर बोटाला काहीच कळत नाही. आणि तिचं टोक पहिल्या पिनेला टेकता कामा नये, टेकलं तर ती पिन कधीच बसणार नाही. टेकत असेल तर कानशीने अर्धा-पाऊण मिलिमीटर घासून कमी करा.

मग क्रम असा. टेन्शन न देता हूक शेवटपर्यंत आत न्या आणि बाहेर येताना एकेक पिन दाबत मोजा, प्रत्येकीची स्प्रिंग जाणवते. आता टेन्शन द्या. किती? टेन्शनरवरच्या बोटाचं नख पांढरं पडलं तर जास्त झालं. पुन्हा एकेक पिन चाचपा. बऱ्याच मऊ उसळतील, एखादी कडक लागेल. ती अडणारी पिन. भोकं अगदी एका रेषेत पाडलेली नसतात म्हणून एका वेळी एखादीच अडते आणि तिचा नंबर ओळीने येत नाही. तीच उचला, बारीक टिक होते, प्लग किंचित सरकतो. थांबा. पुन्हा सगळ्या चाचपा, आता दुसरी कुठलीतरी कडक असेल.

एखादी कडक नाही आणि उसळतही नाही, नुसती सैल लोंबते, तर ती बसलेली आहे, तिला हात लावू नका. सगळ्या कडक लागल्या तर टेन्शन जास्त आहे. आणि एखादी दगडासारखी घट्ट झाली, हूक वाकायला लागला, तर ती बहुधा रेषेच्या वर गेलीय. टेन्शन हळूहळू सोडा, पिना पडल्याचे टिकटिक आवाज मोजा आणि पहिल्यापासून.

---

देवदत्त_डोंबिवली

भर: प्लग चांगला चार-पाच अंश फिरला आणि तिथेच थबकला, पुढे जाईना, तर आत स्पूल पिन आहे. तिची कंबर बारीक असते, प्लगची कड त्या कमरेत अडकते. तिला हुकाने दाबलं की टेन्शनर उलटा ढकलल्यासारखा वाटतो. घाबरून जोर वाढवू नका, उलट बोट किंचित सैल सोडून प्लगला मागे येऊ द्या, मग पिन वर जाते. ह्यात आधी बसलेली एखादी पिन पडते, ती पुन्हा बसवायची. इथे रेक हरतो, हे मी मान्य करतो, मृण्मयीताई. :)

---

कोकणातला_कानसवाला

निनाद, ०.७ च्या काड्या घासून बारीक करायच्या भानगडीत पडू नका, चपट्या बाजू एकसारख्या घासल्या जात नाहीत. गॅरेजवाल्यांच्या फिलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) संच घ्या. त्यातली ०.५ किंवा ०.६ मिमीची पट्टी चांगल्या स्प्रिंग स्टीलची असते. हव्या त्या हुकाचं चित्र कागदावर काढून पट्टीवर चिकटवा, ग्राइंडरवर कापा. दांडीची रुंदी २ मिमीच्या आसपास ठेवा. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पट्टीवर निळा रंग चढला की पाणी उतरलं, म्हणजे पोलाद मऊ पडलं, मग ती काडी पहिल्या कुलपात वाकून येणार.

शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग १५००. टोकापेक्षा दांडीच्या कडांना जास्त वेळ द्या. कडेला बुर (धातूची खरबरीत कड) राहिली तर काडी भोकाच्या भिंतीला खरडते आणि पिनेची टिक हाताला पोचत नाही.

टेन्शनरसाठी जुन्या वायपरच्या रबरातल्या स्टीलच्या लांब पट्ट्या. गॅरेजमध्ये रबर बदललं की त्या फेकून देतात. हॅक्सॉ ब्लेडचा टेन्शनर करणार असाल तर थंड वाकवू नका, कटकन तुटतो. वाकवायची जागा लाल करून मगच पक्कडीने वळवा.

---

रत्नागिरीची_रमा

कानसवाले, पावसाळ्यात कुलपं गंजतात, सगळे आत खोबरेल तेल सोडतात. ते सरावाच्या कुलपाला चालेल का?

---

कोकणातला_कानसवाला

नको. खोबरेल, गोडं तेल, काहीच नको. धूळ धरतं, थंडीत थिजतं, पिना चिकटून बसतात. ग्राफाइटची पूड घाला, नाहीतर मऊ शिसपेन्सिल किल्लीवर घासून ती आतबाहेर करा. मात्र आधी तेल घातलेल्या कुलपात ग्राफाइट नको, चिखल होतो. आधी रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा.

---

हॅम्बुर्गकर

आणि ते पारदर्शक कुलूप दोन दिवस बघा आणि ठेवून द्या. त्याची भोकं इतकी ढिली असतात की कसंही उघडतं, आणि डोळ्यांनी बघून पिन उचलायची सवय लागते. त्यापेक्षा पितळी युरो सिलिंडर घ्या, पाच पिनांचं. मागची सी-क्लिप काढा, किल्ली घालून प्लग थोडा फिरवा, मग मागून फॉलोअर लावून प्लग पुढे ढकला. फॉलोअर म्हणजे प्लगच्या जाडीचा गोल दांडका, साधारण १३ मिमी, लाकडी चालतो. प्लग न फिरवता ढकलला तर ड्रायव्हर पिना प्लगच्या शेजारच्या भोकांत पडतात. दांडका आणि प्लग ह्यांच्यात फट राहिली तर स्प्रिंगा उडतात. ताटात बसून करा.

मग एकच पिन ठेवून सुरुवात. जमलं की दोन, तीन.

---

नवशिका_निनाद

सिलिंडर आणलं, तीन पिनांवर आहे, कमी बाकाचा हूक आणि वरच्या बाजूचा टेन्शनर. आत्ता उघडलं, पण प्लग अर्धा फेरा फिरून उलटा झाला तिथेच घट्ट बसलाय. टेन्शनरने कुठेच जात नाही. तोडू का?

---

मृण्मयी_के

तोडू नका, काही बिघडलेलं नाही. प्लग उलटा झाला की किल्लीच्या भोकाचा मोकळा तळ पिनांच्या समोर येतो आणि स्प्रिंगा ड्रायव्हर पिनांना त्यात ढकलतात. किल्ली असती तर तिच्या पाठीने त्या अडवल्या असत्या. संचातला सगळ्यात लांब, चपटा एल घ्या, सरळ बाजू भोकात पूर्ण आत घाला, पिनांच्या बाजूला एकसारखा दाबून धरा आणि दुसऱ्या टेन्शनरने प्लग हळू फिरवा. तिन्ही पिना एकदम दबल्या की सुटेल.

---

बंड्या_बोहरीआळी

म्हणजे १७ मधली आणखी एक कामाची निघाली. तीन झाल्या.

---

नवशिका_निनाद

सुटलं! चौथी पिन घालतोय.